जोडपानावर गर्दी का होते? कातळशिल्पांच्या लेखाची मांडणी, मोजमापासकट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मंडळाचा दिवाळी अंक, १६० पाने, आकार सव्वासात बाय साडेनऊ इंच, ८० जीएसएम मॅपलिथो (चकाकी नसलेला कागद), परफेक्ट बाइंडिंग (पाठीला गोंद लावून केलेली बांधणी). राजापूर तालुक्यातल्या कातळशिल्पांवरचा, म्हणजे उघड्या खडकावर कोरलेल्या आकृत्यांवरचा, ११५० शब्दांचा लेख आणि सात फोटो समोरासमोरच्या दोन पानांत, म्हणजे एका जोडपानावर, बसवायचे आहेत. सगळे मावावे म्हणून तुम्ही टाइप ९ पॉइंटवर आणला, लेडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचे अंतर) साडेअकरा केले आणि पानाला तीन कॉलम पाडले. पडद्यावर ठीक दिसते, पण प्रिंट हातात घेतली की आठवडी बाजार भरल्यासारखे वाटते आणि दोन पाने एकमेकांपासून वेगळी दिसतात. शिवाय गेल्या वर्षी शीर्षकातले एक अक्षर घडीत गेले होते. आता फाँट बदलू, मागे फिका रंग देऊ की फोटोंना चौकटी करू, असे तुम्ही विचारता.

तिन्ही नको. ही अडचण मांडणीच्या चवीची नाही, मापाची आहे. दोन पानांत किती मावते ते आधी मोजले नाही आणि अंक बांधल्यावर ती दोन पाने कशी उघडतील ते पाहिले नाही, की कितीही देखणा फाँट घातला तरी पान घुसमटलेलेच दिसते. म्हणून सुरुवात कॅल्क्युलेटरपासून करू.

पान १८४ × २४१ मिलिमीटर. वर १६, खाली २०, बाहेरच्या बाजूला १४ आणि बांधणीकडे २० मिमी समास सोडला की मजकुराला १५० × २०५ मिमी उरतात. ११ पॉइंट टाइप, १६ पॉइंट लेडिंग धरले तर २०५ मिमीत ३६ ओळी बसतात. पानाला दोन कॉलम, मध्ये ५ मिमी, म्हणजे एक कॉलम साडेबहात्तर मिमी. एवढ्या रुंदीत मराठीचे सात-आठ शब्द मावतात; परिच्छेदाच्या शेवटच्या अर्ध्यामुर्ध्या ओळी धरल्या तर सरासरी सात. म्हणजे एका कॉलमला २५० शब्द आणि चार कॉलमच्या जोडपानाला १०००. तेही शीर्षक नाही, फोटो नाही, नुसती मजकुराची भिंत उभी केली तर. तुमच्याकडे ११५० शब्द आणि वर सात फोटो आहेत. गर्दी होणारच होती.

‘मग ९ पॉइंट काय वाईट? बसले ना!’ असे संपादक म्हणतील. देवनागरीत ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असा दुमजली कारभार असतो. रोमन लिपीत ९ पॉइंटला साडेअकराचे लेडिंग चालून जाते. मराठीत मात्र त्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो आणि परिच्छेद काळवंडतो. मॅपलिथोवर शाई थोडी पसरते, त्यामुळे ९ पॉइंटचे अनुस्वार आणि ‘श’, ‘क्ष’ यांच्या गाठी भरून येतात. शिवाय मंडळाच्या अंकाचा वाचक साठीच्या आसपासचाही असतो. टाइपच्या दीडपटीच्या जवळपास लेडिंग हा मराठीसाठी सुरक्षित आकडा आहे. फाँटप्रमाणे तो एखादा पॉइंट इकडेतिकडे होईल, पण त्याच्या फार खाली गेलात की वाचक पान उलटतो.

तीन कॉलमचेही तसेच. तीन केले की कॉलम पावणेसत्तेचाळीस मिमीचा होतो. ११ पॉइंटला त्यात पाच शब्द येतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘सड्यांवरच्यासारख्याच’ असा एक शब्द पुढच्या ओळीत गेला की मागच्या ओळीत उरलेल्या चार शब्दांमध्ये भगदाडे पडतात. दोन्ही कडा जुळवलेल्या मजकुरात ती भगदाडे एकाखाली एक येऊन पांढरे ओहोळ दिसू लागतात. अरुंद कॉलम ठेवायचाच असेल तर उजवी कड मोकळी सोडा. पण या लेखाला दोनच कॉलम बरे.

तेव्हा पहिला निर्णय तुमचा नाही, संपादकांचा आहे: पाने वाढवायची की शब्द कमी करायचे? माझे मत चार पानांचे. पहिले जोडपान फोटो आणि लेखाच्या तोंडाचे, दुसरे मजकुराचे. त्यातही शब्द ११५० वरून ८८० पर्यंत आणावे लागतील. पावणेतीनशे शब्द कुठून कापायचे ते अशा लेखात शोधावे लागत नाही. ‘कसे जाल’, जवळची गावे, कोकणातली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्याची माहिती, अशा गोष्टी परिच्छेदांतून विखुरलेल्या असतात. त्या उपटून साठ शब्दांच्या एका चौकटीत टाका. लेखकाला आधी विचारा. परस्पर कापलेल्या लेखाचा त्रास मांडणी करणाऱ्यालाच होतो. पाने वाढवता येत नसतील तर दोन पानांचा पर्याय शेवटी दिला आहे.

आता जागा. चार पाने हवीत एवढे सांगून भागत नाही, कोणती चार ते सांगावे लागते. तुमचा अंक १६ पानांच्या दहा फर्म्यांचा आहे; फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा. प्रत्येक फर्म्यात नेमके मधले जोडपान कागदावर खरोखर सलग छापले जाते. बाकीची जोडपाने कागदावर वेगवेगळ्या जागी छापून, घडी घातल्यावर समोरासमोर येतात. म्हणून घडी ओलांडणारा फोटो मधल्या जोडपानावर सर्वांत सुरक्षित. तुमच्या अंकात ही जोडपाने अशी पडतात: ८-९, २४-२५, ४०-४१, ५६-५७, ७२-७३ आणि पुढे दर सोळा पानांनी. याउलट १६-१७, ३२-३३, ४८-४९ या जोड्या दोन वेगळ्या फर्म्यांवर येतात. कागद वेगळा, छापण्याची वेळ वेगळी. डावीकडचा जांभा दगड तांबूस आणि उजवीकडचा विटकरी, अशी गंमत तिथेच होते. तिथे फोटो घडीवरून न्यायचाच नाही. इतर जोड्यांवर घडीच्या मशीनमुळे मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे वरखाली होऊ शकते, हे धरून चाला.

अंकाला परफेक्ट बाइंडिंगऐवजी पिन मारली असती तर सगळे फर्मे एकमेकांत बसले असते आणि खरे मधले जोडपान साऱ्या अंकात एकच मिळाले असते. हे सारे १६ पानांच्या फर्म्यावर अवलंबून आहे. तुमचा प्रेसवाला ८ पानांचे फर्मे करत असेल तर आकडे बदलतील. त्याला फोनवर एकच विचारा: ‘फर्मा किती पानी, आणि रंगीत किती?’

दुसरा अर्धा प्रश्न विसरू नका. पैसे वाचवायला पुष्कळ अंकांत फर्म्याची एकच बाजू रंगीत असते. १६ पानी फर्म्याच्या एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ ही पाने येतात, दुसरीला उरलेली आठ. लेख ५६ ते ५९ वर ठेवलात तर ५६-५७ एका बाजूला आणि ५८-५९ दुसऱ्या बाजूला पडतात. म्हणजे पहिले जोडपान रंगीत मिळाले तरी दुसरे काळे-पांढरे असू शकते. कातळशिल्पांच्या लेखाला ते अडत नाही, उलट फायद्याचे करता येते; त्यावर पुढे येतो. पण ही गोष्ट मांडणी पूर्ण झाल्यावर कळली तर रंगीत फोटो घाईने राखाडी करावे लागतात आणि ते धुरकटतात.

जाहिरात पाहणाऱ्यालाही आत्ताच विचारून घ्या. ५७ हे उजवे पान आहे, उजवी पाने आधी विकली जातात. पान कुणाला कबूल केले असेल तर ४०-४१ किंवा ७२-७३ धरा, आकडेमोड तीच.

आता घडी, म्हणजे गेल्या वर्षीच्या हरवलेल्या अक्षराकडे वळू. परफेक्ट बाइंडिंगमध्ये फर्म्यांची पाठ साधारण ३ मिमी खरवडून मग गोंद लावतात. ही ३ मिमी पानाच्या मापाबाहेर ठेवली आहे की मापातून जाणार, हे प्रेसला विचारून घ्या. त्याखेरीज १६० पानांचा अंक सपाट उघडत नाही. प्रत्येक पानाची बांधणीकडची आणखी ५-६ मिमी पोटात राहतात. पडद्यावर दोन्ही पाने एकमेकांना चिकटून सपाट दिसतात, म्हणून ही जागा वापरण्याजोगी आहे असा भास होतो. तुमचे शीर्षक दोन्ही पानांच्या मध्यावर बेतले होते, त्यामुळे मधले अक्षर पोटात गेले. रोमन शीर्षक घडीवरून नेताना अक्षरांमध्ये फट वाढवून काम भागवतात. देवनागरीत फट वाढवली की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे दोन तुकडे होतात. दोन शब्दांच्या मध्ये घडी आणून दोन्हीकडे १२-१५ मिमी सोडणे हा मार्ग आहे, पण तसे शीर्षक बहुतेक वेळा दोन वेगळ्या लेखांची नावे असल्यासारखे वाचले जाते. मी शीर्षक एकाच पानावर ठेवतो, आणि मजकुराची एकही ओळ घडीवरून नेत नाही.

मग दोन पाने एक आहेत हे वाचकाला कशाने कळायचे? मोठ्या फोटोने. दोन पाने वेगळी वाटतात ही तुमची तक्रार इथेच सुटते. सात फोटो साधारण सारख्या आकाराचे लावले की डोळा कुठून सुरुवात करावी ते ठरवू शकत नाही, आणि प्रत्येक पान आपापला संसार थाटते. एकच फोटो बाकीच्यांच्या किमान तिप्पट क्षेत्रफळाचा हवा. तुमच्या सातांपैकी तो कोणता यावर वाद नको: कशेळीचा हत्ती. सुमारे १८ × १३ मीटरची ती आकृती, आणि तिच्या पोटात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृत्या कोरलेल्या.

या फोटोला डावे पान पूर्ण आणि उजव्या पानाचा बांधणीकडचा कॉलम द्या, वर-खाली कडेपर्यंत. म्हणजे रुंदी डाव्या पानाचे १८४, उजवीकडचा समास २० आणि कॉलम ७२.५, एकूण २७६.५ मिमी, उंची पूर्ण २४१. कापताना पांढरी किनार राहू नये म्हणून बाहेरच्या तिन्ही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा भाग. हत्ती संपूर्ण डाव्या पानावर बसवा, सोंड किंवा पाय घडीपासून निदान १५ मिमी दूर. घडीवरून उजवीकडे जाईल तो नुसता सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ: जांभा, वाळके गवत, एखादी भेग. सपाट पोताचा भाग घडीत गेला तर काही हरवत नाही. तिरकी रेषा घडी ओलांडत असेल तर दीड मिलिमीटरचा फरकही पायरीसारखा दिसतो. क्षितिजाची आडवी रेषाही तशीच दगाबाज, म्हणून ड्रोनचा सरळ वरून घेतलेला फोटो इथे उत्तम. घडीत जाणारी पट्टी दोन्ही पानांवर दुबार छापण्याची युक्ती काही जण सांगतील. चेहरा घडीवर येत असेल तर ती कामाची आहे. सड्याला तिची गरज नाही, आणि कुणी अंक दाबून उघडला तर दुबार गवत दिसून हसे होते.

फोटोची ताकद तपासा. उंची ब्लीडसह २४७ मिमी, म्हणजे पावणेदहा इंचांना जराशी कमी. ड्रोनची मूळ फाइल ४००० × ३००० पिक्सेलची असेल तर उंचीत इंचाला सुमारे ३०० पिक्सेल मिळतात आणि रुंदीतही थोडे उरतात. मॅपलिथोवर २२५ पर्यंत चालते. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आला असेल तर लांब बाजू १६०० च्या आसपास राहते आणि आडव्या फोटोत उंचीला १२० च पिक्सेल मिळतात. मग कातळावरच्या रेषा मऊ लोण्यासारख्या दिसतील. छायाचित्रकाराला फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ड्राइव्हवर टाकायला सांगा.

कातळशिल्प छापण्याची खास अडचण अशी की ते खोदीव आहे, रंगवलेले नाही. उथळ चर आणि आजूबाजूचा जांभा एकाच रंगाचे. फरक फक्त सावलीचा. भर दुपारचा फोटो असेल तर चरात सावलीच नसते आणि कागदावर नुसती तपकिरी चादर उमटते. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हातला निवडा, रंग कमी खुलला असला तरी. मग फोटो छपाईच्या चार शाईंत, म्हणजे सीएमवायकेत, बदलताना दोन गोष्टी करा. जांभ्यातला निळसर भाग, म्हणजे सायन, कमी करा, नाहीतर तांबडे मातकट होते. आणि मधले टोन उचला: जिथे ५० टक्के आहे तिथे ४२-४३ वर आणा, कारण मॅपलिथो शाई पिऊन ते पुन्हा गडद करणारच आहे. चारही रंगांची मिळून एकूण शाई २६० ते २८० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका; वर गेली की शाई वाळत नाही, समोरच्या पानाला डाग लागतात. ८० जीएसएमवर एवढा मोठा गडद फोटो मागच्या पानावर झिरपल्यासारखा दिसतो, हेही लक्षात ठेवा. ५५ आणि ५८ या पानांवर मोठी पांढरी जागा किंवा नाजूक कविता टाकू नका. भरगच्च मजकुरामागे तो डाग कळत नाही.

आता उजव्या पानाचा बाहेरचा कॉलम उरला, साडेबहात्तर मिमीचा. त्यात ३६ ओळींचा हिशोब असा: शीर्षक ३४ पॉइंट, ४४ चे लेडिंग, दोन ओळी, त्याला मजकुराच्या सहा ओळींची उंची. खाली दोन ओळी मोकळ्या. मग लेखाचा इंट्रो, १४ पॉइंटचा, सात ओळींच्या उंचीत. लेखकाचे नाव आणि मोकळी जागा मिळून दोन. उरल्या १९ ओळी, म्हणजे १३० शब्द. अक्षरांचे एवढे तीनच आकार पुरेत: ३४, १४, ११. फोटोओळीला ९ चा ठळक टाइप. याहून जास्त आकार आले की पुन्हा बाजार.

शीर्षक फोटोवर पांढऱ्या अक्षरात टाकायचा मोह होईल, कारण सड्याचा मोकळा भाग तिथे दिसतोय. ३४ पॉइंटचे ठळक शीर्षक चालेल. पण इंट्रो किंवा फोटोओळ तसे करू नका. चार रंगांतून कोरून काढलेले बारीक पांढरे देवनागरी अक्षर प्लेट केसभर जरी सरकली तरी भरून जाते, आधी रफार आणि अनुस्वार. काळा मजकूरही फक्त काळ्याच शाईत असावा. चार रंगांचा काळा ११ पॉइंटला झालरीसारखा दिसतो.

फाँटबद्दल. अंकभर जो आहे तोच ठेवा. नवीन घेणारच असाल तर ‘मुक्त’ला सात वजने आहेत, त्यात शीर्षक ते फोटोओळ सगळे निघते. ‘तिरो देवनागरी मराठी’ मजकुराला सुरेख, पण त्यात ठळक वजन नाही. सॉफ्टवेअरने कृत्रिम ठळक केलेली अक्षरे गाठींत बुजतात. इनडिझाइनमध्ये परिच्छेद-शैलीत कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी’ आणि भाषा मराठी ठेवा. पहिले चुकले तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे उमटते आणि जोडाक्षरे फुटतात. दुसरे चुकले तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. जस्टिफिकेशनमध्ये अक्षरांमधले अंतर तिन्ही रकान्यांत शून्य, शब्दांमधले ८५, १००, १२५. एखादी ओळ बसत नाही म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधली फट, वाढवायचे नाही. शिरोरेखा तुटल्याचे छापल्यावरच दिसते. लेख श्रीलिपीच्या जुन्या फाँटांतून युनिकोडमध्ये आणला असेल तर ‘किनाऱ्यावर’चे ‘किनार्यावर’ झाले आहे का ते शोधा. कोकणावरच्या लेखात हा शब्द डझनभर वेळा असणार.

इथवर ठरले ते असे: पाने ५६ ते ५९, पहिल्या जोडपानावर एक फोटो, शीर्षक, इंट्रो आणि १३० शब्द. राहिले ७५० शब्द, म्हणजे ५८-५९ वरचे नेमके तीन कॉलम. चौथा कॉलम चित्रांचा.

तो ५९ चा बाहेरचा कॉलम घ्या, म्हणजे मजकूर तीन कॉलम सलग वाचला जातो. मध्ये फोटो घुसवून मजकूर चारी बाजूंनी वळवण्याची हौस टाळा. मराठीत वळणापाशी दोन-दोन शब्दांच्या ओळी होतात. चौथ्या कॉलममध्ये तीन सारखे फोटो एकाखाली एक लावले तर तिकिटांची पट्टी दिसते. त्यापेक्षा वर एक उभा, साडेबहात्तर × १०० मिमी, आणि खाली हत्तीचे रेखाचित्र. हे रेखाचित्र मी आग्रहाने सांगतो. हत्तीच्या पोटातल्या आकृत्या मॅपलिथोवरच्या फोटोत दिसणे जवळजवळ अशक्य आहे. रेषांत काढल्या की वाचक ५६ वर परत जाऊन त्या शोधतो. जोडपानाने वाचकाकडून करून घ्यायचे काम हेच, आणि ते काळ्या-पांढऱ्यातच उत्तम होते. खाली पाच मीटरची मोजपट्टी काढा. रेषा पाव पॉइंटची नको, निदान अर्धा पॉइंट.

साठ शब्दांची चौकट ५८ वर दुसऱ्या कॉलमच्या तळाशी. तिने खाल्लेल्या दहा-बारा ओळी मजकुरातून आणखी ऐंशीएक शब्द मागतील, म्हणून कापणी जरा सढळ हाताने करा. उरलेल्या फोटोंपैकी बारसू आणि देवाचे गोठणे या गावांच्या फोटोंतला एक ठेवता आला तर ठेवा. बाकीचे अनुक्रमणिकेच्या पानावर छोटे करून वापरता येतील. सातही छापलेच पाहिजेत असा छायाचित्रकाराचा हट्ट असेल तर तो संपादकांनी निस्तरावा.

बारीक जुळणीतली एकच गोष्ट सविस्तर सांगतो, कारण रोमन लिपीवरच्या धड्यांत ती सापडत नाही. मजकुराशेजारच्या फोटोची वरची कड कशाला जुळवायची? टेक्स्ट फ्रेमच्या कडेला जुळवली तर फोटो वर उडालेला दिसतो, कारण वरची दोन-अडीच मिमी मात्रांसाठी राखलेली असते. मराठी वाचकाचा डोळा शिरोरेखा धरतो. फोटोची कड पहिल्या ओळीच्या शिरोरेखेला टेकवा, खालची कड शेवटच्या ओळीच्या तळरेषेला. मोठे आद्याक्षर टाकलेत तर त्याचीही शिरोरेखा पहिल्या ओळीच्या शिरोरेखेत मिसळली पाहिजे. लेख ‘कि’ किंवा ‘र्‍हा’सारख्या अक्षराने सुरू होत असेल तर आद्याक्षराचा नाद सोडा.

पाने वाढणार नसतील तर दोन पानांचा पर्याय. फोटो दोन्ही पानांवर आडवा, वरच्या कडेपासून १३३ मिमी खोल. ड्रोनचा फोटो त्यात निम्म्याच्या आसपास कापला जाईल. हत्ती डावीकडेच, उजवीकडे मोकळ्या सड्यावर पांढरे ठळक शीर्षक. खाली चार कॉलम, प्रत्येकी १४ ओळी, म्हणजे ३९० शब्द. एवढा छोटा लेख लेखकाला मान्य असेल तरच हा मार्ग. ११५० शब्द यात कोंबता येत नाहीत. रुंदीला ब्लीडसह ३७४ मिमी लागतात, ४००० पिक्सेलची फाइल इंचाला २७० पिक्सेल देते. भागते.

सुधारणेचे काम पडद्यावर करू नका. तुमचे पान ए-४ वर खऱ्या मापात बसते. चारही पाने छापा, कापा, गेल्या वर्षीच्या अंकात ५६ व्या पानापाशी चिकटवा आणि अंक मांडीवर घेऊन उघडा. घडी काय गिळते ते लगेच दिसते. मग अंक उलटा धरा: अक्षरे वाचता येत नसल्याने काळे-पांढरे वजनच उरते. हत्तीनंतर डोळा शीर्षकावर गेला तर मांडणी लागली. चौकटीवर गेला तर चौकटीची पार्श्वभूमी फार गडद आहे, १० टक्क्यांवर आणा. लेख न वाचलेल्या घरातल्या कुणाला तरी पाच सेकंद दाखवून मिटा आणि काय दिसले ते विचारा. ‘कसला तरी नकाशा’ असे उत्तर आले तर फोटोत मोजमापाला माणूस नाही. कडेला उभा असलेला माणूस कापून टाकला असेल तर परत घ्या.

प्रेसला पीडीएफ सुट्या पानांची द्यायची, जोडपानांची नाही. ‘स्प्रेड्स’ची खूण काढा, ब्लीड चारी बाजूंना ३ मिमी ठेवा, म्हणजे ५६ च्या फाइलमध्ये घडीपलीकडच्या सड्याची पट्टी आपोआप येते आणि खरवडण्यात तीच जाते. २० × ३० इंची कागदावर हा आकार अगदी काठोकाठ बसतो, मशीनच्या पकडीची जागा सोडून ब्लीडला फार उरत नाही. प्रेसने ‘ब्लीड जमणार नाही’ म्हटले तर मोठा कागद घेण्याचा खर्च विचारा, नाहीतर फोटो चारी बाजूंनी समासात घ्या. ब्लीडविना कडेपर्यंत नेलेला फोटो कटिंगला हमखास पांढरी किनार दाखवतो. आणि ५६-५७ चा फर्मा मशीनवर चढेल तेव्हा जमल्यास स्वतः जा, नाहीतर पहिल्या चांगल्या कागदाचा उजेडातला फोटो मागवा. रंगापेक्षा आधी हत्तीच्या पायाकडचे चर पाहा. ते बुजले असतील तर काळी शाई किंचित उतरवायला सांगायची वेळ तीच असते.